चार टक्क्यांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला राज्य मंडळाच्या परीक्षेत तिला 96.4 टक्के गुण मिळाले होते. गणिताची तिला मनापासून आवड असून गणित ऑलिंपियाडच्या प्रादेशिक फेरीपर्यंत ती पोहोचली आहे. बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला जाण्याची तिची इच्छा आहे. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे 18 लाख रुपये आहे. हार्वर्ड, येल, एमआयटी यांसारख्या विद्यापीठांत अर्जदारांपैकी साधारण चार टक्क्यांना प्रवेश मिळतो, असे वाचनात आले. मी अभियंता आहे. प्रत्येक ठिकाणी चार टक्के धरून 15 विद्यापीठांत अर्ज केले, तर निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता 45 टक्क्यांच्या पुढे जाते. माझा भाचा एमएससाठी गेला तेव्हा त्याने आठ अर्ज केले होते आणि पाच ठिकाणांहून होकार आला होता. मग या प्रवेशांविषयी सगळे इतके घाबरवतात का? — एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या भाच्याच्या अनुभवापासून सुरुवात करतो, कारण मराठी घरांत अमेरिकेतील प्रवेशाविषयी जे काही बोलले जाते ते बहुतेक एमएसच्या अनुभवावर आधारलेले असते. यात कोणाची चूक नाही. 2023-24 या वर्षात अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी 1,96,567 पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि पदवीचे शिक्षण घेणारे होते फक्त 36,053. उरलेले बहुतेक जण पदवीनंतर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर तेथे होते. त्यामुळे ओळखीपाळखीत सल्ला देणारे दहा जण भेटले, तर त्यातले आठ-नऊ एमएसवालेच असतात. एमएसचा अर्ज त्या-त्या विषयाचा विभाग तपासतो, विषयातले गुण आणि प्रकल्प पाहतो, आणि खर्च विद्यार्थी कर्ज काढून स्वतः भागवणार हे बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेले असते. पदवीच्या प्रवेशाचे काम विद्यापीठाचे स्वतंत्र प्रवेश कार्यालय करते. तेथे चार वर्षांसाठी एक विद्यार्थिसमूह निवडायचा असतो आणि त्यातील अनेकांचा खर्च विद्यापीठाला स्वतःच्या तिजोरीतून उचलायचा असतो. दोन्ही व्यवहारांत ‘अमेरिकेत प्रवेश’ एवढीच गोष्ट समान आहे. भाच्याच्या आठापैकी पाच होकारांवरून मुलीच्या बाबतीत काहीही अनुमान काढू नये, ही माझी पहिली विनंती.

आता चार टक्क्यांविषयी. 2024 च्या वसंतात हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश देऊ केला गेला. येलकडे 57,465 अर्ज होते आणि होकार 2,146 जणांना मिळाला. एमआयटीचे आकडे 28,232 आणि 1,284 असे होते. ही सगळी सरासरी आहे, आणि सरासरीत अमेरिकी व परदेशी अर्जदार एकत्र मोजलेले असतात. एमआयटीच्या पदवी वर्गात परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांपुरते मर्यादित ठेवले जाते. म्हणजे साऱ्या जगातल्या मुलांसाठी मिळून दरवर्षी जेमतेम शंभर-सव्वाशे जागा. परिणामी तेथे परदेशी अर्जदारांच्या यशाचे प्रमाण सरासरीच्या निम्म्याहूनही खाली, दोन टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय हार्वर्डसारख्या खासगी विद्यापीठांत खेळाडू म्हणून हेरलेली मुले, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या घरची मुले यांना मिळणारे झुकते माप हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात पुराव्यानिशी उघड झाले. त्याच खटल्यात 2023 च्या जूनमध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वंशाच्या विचारावर बंदी घातली. मात्र माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीला त्या निकालाने हात लावला नाही. एमआयटी अशी सवलत देत नाही, ही तिच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. नाशिकहून, कोणत्याही नात्यागोत्याविना अर्ज करणाऱ्या मुलीने छापलेली चार टक्के ही संख्या स्वतःची समजू नये.

आपण अभियंता आहात, म्हणून पुढचा मुद्दा आपल्याला लगेच पटेल. 15 अर्जांचे आपले गणित बरोबर आहे, पण ते प्रत्येक निकाल दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच लागू पडते. येथे 15 ठिकाणी एकच फाइल जाते: तेच गुण, तीच शिफारसपत्रे, बहुतेक ठिकाणी तोच 650 शब्दांचा मुख्य निबंध, आणि अर्थसाहाय्याची तीच गरज. एखाद्या ठिकाणी फाइल ज्या कारणाने बाजूला पडली, त्याच कारणाने ती दुसरीकडेही बाजूला पडण्याचा संभव मोठा असतो. म्हणूनच दरवर्षी काही मुलांना चार-पाच नामांकित ठिकाणांहून होकार येतात आणि त्याच गुणांच्या शेकडो मुलांना एकाही ठिकाणाहून येत नाही. अर्जांची संख्या वाढवल्याने शक्यता थोडी वाढते, हे खरे. परंतु प्रत्येक विद्यापीठाचे स्वतंत्र पूरक निबंध असतात. बारावीच्या वर्षात 15 ठिकाणचे ते निबंध लिहिताना सातव्या-आठव्या अर्जापासून पुढे मजकूर उसना आणि कोरडा होत जातो, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

तरीही आपल्या पत्रातला सर्वांत निर्णायक आकडा 96.4 किंवा चार टक्के हा नाही. तो 18 लाख हा आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

नामांकित खासगी विद्यापीठांत शुल्क, निवास, भोजन, विमा आणि पुस्तके मिळून वर्षाला 85 ते 95 हजार डॉलर लागतात. रुपयांत तो आकडा पाऊण कोटीच्या आसपास जातो, आणि असे चार वर्षे. नाशिकमध्ये 18 लाखांचे उत्पन्न असलेले कुटुंब सुस्थितीतले मानले जाते. राज्यात बहुतेक सवलतींच्या उत्पन्नमर्यादेच्या ते बाहेर असते. त्याच कुटुंबाचे उत्पन्न डॉलरमध्ये मोजले की ते 20 हजारांच्या घरात येते आणि अमेरिकी विद्यापीठाच्या हिशेबात मुलीला जवळजवळ संपूर्ण खर्चाची मदत लागणार असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: कोणते विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता आधी निवड करते आणि नंतर लागेल तेवढी मदत देते? या धोरणाला ‘नीड-ब्लाइंड’ म्हणतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ते लागू करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट येथे ते बऱ्याच वर्षांपासून आहे. डार्टमथ आणि बोडन 2022 मध्ये त्यांच्यात सामील झाले आणि ब्राउनने 2025 मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ते स्वीकारले. आपल्या यादीत स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांची नावे असतील, तर तेथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही हे निवडीच्या वेळी विचारात घेतले जाते. हे ‘नीड-अवेअर’ धोरण. ही विद्यापीठेही निवडलेल्या मुलांची गरज पूर्ण भागवतात. परंतु अशा मुलांसाठीचा निधी ठरलेला असल्याने पूर्ण मदत मागणारा विद्यार्थी फार थोड्या जागांसाठी झगडत असतो, तर पूर्ण खर्च स्वतः भरणारा त्याच गुणांचा विद्यार्थी निधीच्या मर्यादेबाहेरच्या जागांसाठी उभा असतो. हा भेद मला अन्यायकारक वाटतो. पण तो आहे, आणि तो माहीत नसलेल्या पालकांची वर्षे व पैसे वाया जातात.

येथून दोन मोह उत्पन्न होतात. पहिला म्हणजे, आत्ता मदत मागू नये, एकदा प्रवेश मिळाला की पुढच्या वर्षी मागू. बहुतेक नीड-अवेअर विद्यापीठांचा नियम असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढील चारही वर्षे त्याला ती मागता येत नाही. दुसरा मोह उत्पन्न कमी दाखवण्याचा. बहुतेक विद्यापीठे ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा जो अर्ज भरून घेतात, त्यात आयकर विवरणपत्राच्या पलीकडे जाऊन राहता फ्लॅट, गावाकडची शेतजमीन, मुदत ठेवी, पीपीएफ, धाकट्या भावंडाच्या शाळेचा खर्च हे सारे विचारले जाते आणि कागदपत्रे मागवली जातात. 2024 मध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठातील एका भारतीय विद्यार्थ्याने बनावट कागदपत्रांवर प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवल्याचे उघडकीस आले. त्याला अटक झाली, विद्यापीठातून काढले गेले आणि भारतात परतावे लागले. ज्या मुलांची गरज खरी आहे, त्यांच्या कागदांकडेही अशा प्रकरणांमुळे संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचा या टप्प्यावर फारसा उपयोग नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती काय, दोन्ही पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणासाठी आहेत. पदवीसाठी एक अपवाद सांगण्याजोगा आहे: टाटा ट्रस्टच्या देणगीतून कॉर्नेल विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली टाटा शिष्यवृत्ती. एका वेळी साधारण 20 विद्यार्थी तिचा लाभ घेत असतात.

आता मुलीच्या फाइलकडे वळू. 96.4 टक्के उत्तम आहेत, पण ते वेगळे काही सांगत नाहीत, कारण भारतातून अर्ज करणाऱ्या बहुतेक मुलांचे गुण असेच असतात. तिच्या अर्जातला खरा ऐवज गणित आहे. ऑलिंपियाडच्या प्रादेशिक फेरीत तिने कोणते प्रश्न सोडवले, नंतर काय वाचले, आणखी कोणाला शिकवले, यातून तिची ओळख तयार होते. एमआयटीसारख्या संस्थेत ऑलिंपियाडची परंपरा चांगली परिचित आहे. राष्ट्रीय फेरी, म्हणजे आयएनएमओ, ती पार करू शकली तर फाइल निश्चितपणे उजळेल. ते जमले नाही, तरी गणितातली तिची चिकाटी शिक्षकाच्या पत्रातून दिसली पाहिजे.

आणि येथेच राज्य मंडळाची मुले सर्वाधिक मार खातात. अकरावी-बारावीत मुले नावाला कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि प्रत्यक्षात दिवसभर इंटिग्रेटेड क्लासमध्ये बसतात. अर्जाच्या वेळी शिफारसपत्र हवे असते, तेव्हा ज्यांची सही लागते त्या प्राध्यापकांनी मुलीला प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच काय ते पाहिलेले असते. मग ‘ही विद्यार्थिनी मेहनती, शिस्तप्रिय व मनमिळाऊ आहे’ अशा तीन ओळींचे पत्र मिळते, आणि तेच पत्र नाव बदलून चार मुलांना दिलेले असते. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत, शिक्षकांच्या पत्रांशिवाय शाळेच्या वतीने समुपदेशकाचे पत्र, शाळेची माहिती देणारे टिपण, नववीपासूनचे गुण आणि बारावीचे अपेक्षित गुण लागतात, आणि हे सारे शाळेनेच परस्पर ऑनलाइन पाठवायचे असते. आपल्या महाविद्यालयात समुपदेशक नसेल. ती जबाबदारी प्राचार्य किंवा उपप्राचार्य घेऊ शकतात. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेतून आणाव्या लागतील. ही धावपळ ऐन दिवाळीत करण्यापेक्षा आत्ताच प्राचार्यांना भेटून त्यांना काय-काय करावे लागेल ते नीट समजावून सांगावे. गणिताच्या प्राध्यापकांच्या तासाला मुलीने नियमित बसावे, त्यांना प्रश्न विचारावेत, आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्याकडे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काहीतरी असावे.

यादी मी अशी करेन: परदेशी विद्यार्थ्यांसाठी नीड-ब्लाइंड असलेल्यांपैकी चार किंवा पाच. त्यांच्या जोडीला ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होल्योक, स्मिथ यांसारखी लहान महाविद्यालये, जी नीड-अवेअर असली तरी परदेशी विद्यार्थ्यांना सढळ मदत करतात. त्यांपैकी शेवटची दोन केवळ मुलींसाठी आहेत आणि आपल्याकडे त्यांची नावे ऐकलेली नसल्याने पालक ती यादीतून खोडून टाकतात, याचे मला वाईट वाटते. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे एकाच ठिकाणी नोव्हेंबरमध्ये केलेला बांधिलकीचा अर्ज. मिळालेली मदत खरोखरच पुरेशी नसेल, तर त्या बांधिलकीतून सुटका मागता येते. म्हणून मदत हवी असणाऱ्यांनी तो मार्ग पूर्णपणे वर्ज्य मानू नये. मात्र त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील खर्चाचा अंदाज आधी स्वतः मांडून पाहावा. इलिनॉय किंवा पर्ड्यूसारखी सरकारी विद्यापीठे शिक्षणात उत्तम आहेत, पण परदेशी विद्यार्थ्याला तेथे गरजेवर आधारित मदत सहसा मिळत नाही. आपल्या उत्पन्नावर तो मार्ग म्हणजे घर गहाण ठेवणे होईल, आणि पदवीसाठी तसे करू नये असे माझे ठाम मत आहे.

गणितात खरोखर रस असलेल्या मुलीपुढे बंगळुरूची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई गणित संस्था आणि पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) हे मार्ग खुले आहेत. चेन्नई आणि बंगळुरूतून पदवी घेऊन अनेक मुले थेट अमेरिकेत पीएचडीला जातात, आणि तेथे पीएचडीचे शुल्क माफ होऊन वर निर्वाहवेतन मिळते. त्यांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी अमेरिकी अर्जांच्या बरोबरीने चालू ठेवावी. विषय एकच असल्याने ओझे दुप्पट होत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला बारावीत आहे. संध्याकाळी मी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो, बिले व जीएसटीचे काम पाहतो. एका सल्लागाराने आठ लाख रुपयांत ‘टॉप 20’ विद्यापीठाची हमी दिली आहे. दुकानाचा उल्लेख अर्जात नको, त्याऐवजी एक स्वयंसेवी संस्था काढू आणि निबंध आम्ही लिहून देऊ, असे ते म्हणतात. काय करावे? — एक विद्यार्थी

उत्तर : पैसे देऊ नका. प्रवेशाची हमी कोणीही देऊ शकत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात रिक सिंगर नावाचा सल्लागार खोटी खेळाडू-प्रमाणपत्रे आणि परीक्षेतली फसवणूक वापरून अशीच ‘हमी’ विकत होता. त्याला तुरुंगवास झाला आणि ज्या मुलांचे प्रवेश अशा मार्गाने झाले होते, त्यांच्यापैकी काहींना विद्यापीठ सोडावे लागले. निबंध दुसऱ्याने लिहिला असेल तर आपण सही करत असलेले निवेदन खोटे ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर तयार करून घेणेही कॉमन अ‍ॅप फसवणुकीतच मोजते.

दुकानाचा उल्लेख अवश्य करा. कॉमन अ‍ॅपमध्ये दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनासाठी केवळ 150 अक्षरे मिळतात. त्या यादीत कौटुंबिक जबाबदारी हा स्वतंत्र प्रकार मुद्दाम ठेवलेला आहे, कारण जगभरातील असंख्य मुलांचा शाळेनंतरचा वेळ घरच्या कामात जातो हे वाचणाऱ्यांना माहीत असते. ‘आठवड्यात इतके तास, 600 मालांच्या साठ्याची नोंद वहीतून संगणकावर आणली, उधारी मासिक हिशेबात घेतली’ अशा ओळीत एका मुलाचा स्वभाव, वेळ आणि अक्कल दिसते. आकडे अर्थातच तुमचे स्वतःचे आणि खरे असावेत. बारावीच्या दिवाळीत स्थापन झालेली आणि प्रवेश होताच बंद पडणारी संस्था वाचणाऱ्यांनी शेकड्यांनी पाहिलेली असते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून उधारीवाल्या गिऱ्हाइकाला नकार कसा द्यायचा, हे तुम्ही शिकला असाल, तर त्यावर निबंध लिहा आणि तो तुमच्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. व्याकरण सुधारून घेणे गैर नाही.

प्रश्न : सॅट सक्तीची नाही असे सांगतात. मग देऊ की नको? — पुण्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : द्या. सॅट ही अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा. महासाथीत शिथिल झालेली तिची अट एमआयटीने 2022 मध्येच परत आणली. त्यानंतर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही ती आणली. येल सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेऐवजी एपी (महाविद्यालयीन पातळीच्या विषयवार परीक्षा) किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाचे गुणही स्वीकारते. कोलंबियात ती ऐच्छिक आहे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ ते गुण पाहतच नाही. राज्य मंडळाच्या मुलांना सॅटचा एक विशेष फायदा होतो: मंडळाचे गुण परक्या वाचकाला तोलता येत नाहीत, सॅटचे येतात.

प्रश्न : सध्याच्या व्हिसाच्या वातावरणात अर्ज करण्यात अर्थ आहे का? — एक पालक, ठाणे

उत्तर : आहे, पण धोका ओळखून. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे थांबवले गेले. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. त्याच मे महिन्यात हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना काढून घेण्याचा आदेश निघाला, त्याला न्यायालयाने स्थगिती दिली. ऑक्टोबरमध्ये नऊ विद्यापीठांपुढे सरकारने एक करार ठेवला. त्यात पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थी 15 टक्क्यांहून अधिक नसावेत आणि कोणत्याही एका देशाचे पाच टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी अट होती. एमआयटीने तो सर्वांत आधी नाकारला, नंतर ब्राउनसह आणखी काहींनीही नाकारला. भारतासारख्या मोठ्या देशातील मुलांना अशी देशनिहाय मर्यादा सर्वाधिक जाचेल, म्हणून पालकांनी या घडामोडींकडे लक्ष ठेवले पाहिजे.

प्रवेशाची शक्यता आणि व्हिसाची शक्यता यांचा विचार वेगवेगळा करावा. व्हिसा अधिकाऱ्याला मुलाचे गुण मोजायचे नसतात. शिक्षणाचा हेतू खरा आहे आणि पैशाची सोय झालेली आहे, याची खात्री त्याला हवी असते. विद्यापीठाने पूर्ण मदत दिलेली असेल, तर ती रक्कम आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर, छापलेली असते आणि पैशाविषयीचा प्रश्न बराचसा सुटतो. भारतातला पर्याय जूनपर्यंत हातचा सोडू नये आणि तेथील प्रवेशशुल्क भरावे लागले तर तो खर्च विम्यासारखा समजावा. अमेरिकी विद्यापीठाला साधारणपणे 1 मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्यानंतर आय-20 हाती येताच त्याच दिवशी सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क आणि डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज पूर्ण करून मुंबईच्या वकिलातीत मिळेल ती सर्वांत लवकरची मुलाखतीची तारीख घ्यावी.